आयटीतली नोकरी सोडून अमेरिकेत डेंटल स्कूल: कशाच्या आधी काय करायचं

इंजिनिअरिंग मी पुण्यात केलं, मग न्यू जर्सीत बरीच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. आता इकडच्याच एका डेंटल स्कूलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे वर्गापेक्षा क्लिनिकमध्ये जास्त असते आणि पेशंटच्या दाढा भरते. ओळखीपाळखीतून सारखे फोन येतात. फोन करणारे तिशी-पस्तिशीतले, एखाद-दुसरं मूल असलेले, चांगल्या पगारावर असलेले. सगळ्यांचा पहिला प्रश्न वयाचा असतो. वयाची अट नाही, माझ्या वर्गात मी एकटीच मोठी नाही, आणि प्रवेश समितीला वयाचं फारसं काही वाटतही नाही. समितीला एकच गोष्ट बघायची असते: हा निर्णय तुम्ही तपासून घेतलाय का. म्हणून पुढचं सगळं मी क्रमाने लिहितेय, आणि त्या क्रमात राजीनामा अगदी शेवटी येतो.

एक खुलासा आधीच करते. तुम्ही भारतात बीडीएस केलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तुमचा रस्ता 'अॅडव्हान्स्ड स्टँडिंग'चा, म्हणजे थेट वरच्या वर्गात प्रवेशाचा, अर्ज 'कॅपिड' या त्यासाठीच्या वेगळ्या यंत्रणेतून, अभ्यासक्रम बहुधा दोन-तीन वर्षांचा. मी लिहितेय ते दाताशी आजवर फक्त पेशंट म्हणून संबंध आलेल्यांसाठी. त्यांना इथली पूर्ण चार वर्षांची पदवी करावी लागते. पदवीचं नाव कुठे डीडीएस, कुठे डीएमडी. बाल्टिमोरच्या १८४० सालच्या कॉलेजपासून डीडीएस चालत आलं, १८६७ साली हार्वर्डने आपल्या दंतवैद्यक शाळेत डीएमडी सुरू केलं. दोन्हींचा अभ्यास तोच, परवाना तोच. त्यावर वेळ घालवू नका.

आधी खुर्चीशेजारी उभं राहा

एकही क्लास लावायच्या आधी एखाद्या जनरल डेंटिस्टकडे शॅडोइंग सुरू करा. तुमच्या स्वतःच्या डेंटिस्टपासून सुरुवात करा. ईमेल नको, समोर जाऊन विचारा: "मी करिअर बदलायचा विचार करतेय, महिन्यातले दोन शनिवार सकाळी तुमच्याकडे नुसती उभी राहू का?" बरेच जण हो म्हणतात. अर्जाच्या दृष्टीने शंभर तास हा आकडा सगळीकडे ऐकू येतो आणि तो धरून चालावं. त्यातले बहुतेक तास जनरल डेंटिस्टकडे, थोडे ऑर्थोडोंटिस्ट, ओरल सर्जन किंवा लहान मुलांच्या डेंटिस्टकडे.

नुसतं उभं राहून काय कळतं, असं वाटेल. मला ज्या सकाळी कळलं ती सांगते. खालच्या दाढेचं साधं फिलिंग होतं, दोन दातांच्या मधल्या बाजूचं. दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, ताणलेला, दाढेला पातळ धातूची पट्टी गुंडाळलेली, आणि डॉक्टर आरशात बघून काम करत होत्या. आरशात सगळं उलटं दिसतं, हात मात्र सुलट चालला पाहिजे. मधेच पेशंटने खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी हँडपीस (दात कोरायचं यंत्र) थांबवला, बाहेर काढला, म्हणाल्या, "डावा हात वर केलात की मी थांबणार." मग खरंच एकदा त्याने हात वर केला आणि त्या थांबल्या. त्यानंतर त्याची बोटं सैल झाली. अर्ध्या तासात एवढी बारीक हातकला आणि एवढा विश्वास, दोन्ही एकाच माणसाने सांभाळायचं असतं. हे बघून तुमच्या पोटात काही हललं तर पुढे जा. कंटाळा आला, पाठ दुखली, थुंकी-रक्ताची किळस आली आणि ती चार-सहा वेळा जाऊनही गेली नाही, तर तुमचे खूप पैसे आणि वर्षं वाचली. शॅडोइंगचा खरा उपयोग हाच आहे.

घरी आल्यावर त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, किती तास, काय काय प्रोसीजर बघितल्या, काय प्रश्न पडले. पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही. ही वही पुढे अर्जात, निबंधात आणि मुलाखतीत तिन्हीकडे कामाला येते. दोन वर्षांपूर्वीचं आठवून लिहिलेलं आणि त्याच संध्याकाळी लिहिलेलं, यातला फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो.

जोडीला सेवेचं काम हवं. 'रिमोट एरिया मेडिकल' ही १९८५ साली सुरू झालेली संस्था शनिवार-रविवारी मोफत शिबिरं भरवते, तिथे दातांच्या विभागात बिगर-वैद्यकीय स्वयंसेवकही लागतात. पहाटेपासून गाड्यांमध्ये झोपून थांबलेली माणसं दात काढून घ्यायला येतात. इतक्या श्रीमंत देशात विमा नाही म्हणून माणूस वर्षानुवर्षं ठणका सोसतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. जवळपास शिबिर नसेल तर मोफत क्लिनिक शोधा. देवळातली, मंडळाची सेवाही अर्जात लिहावी, जरूर लिहावी, पण ती याची जागा घेत नाही.

व्हिसा आणि पैसा: हे आत्ताच बघायचं

यावर लोक बोलायला कचरतात आणि नंतर अडकतात. म्हणून स्पष्ट लिहिते.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर सरकारी शैक्षणिक कर्ज मिळू शकतं. नोकरीच्या एच-१बी, जोडीदाराच्या एच-४ किंवा विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसावर असाल तर ते मिळत नाही. मग खाजगी कर्ज, आणि त्याला बहुतेक वेळा इथला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीन लागतो. एच-४ वर पूर्णवेळ शिकता येतं. एच-१बी नोकरीला बांधलेला, त्यामुळे चार वर्षांच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी स्टेटस बदलावा लागेल. त्याबद्दल इमिग्रेशन वकिलाशी एकदा पैसे देऊन बोला, मैत्रिणीच्या अनुभवावर जाऊ नका. शिवाय सगळी स्कूल्स परदेशी विद्यार्थी घेत नाहीत, आणि सरकारी स्कूल्स आपल्या राज्यातल्या रहिवाशांना प्राधान्य देतात. न्यू जर्सीत डेंटल स्कूल एकच, नुअर्कचं रटगर्स. शेजारी पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमध्ये मात्र बरीच आहेत. देशभरात सत्तरहून अधिक आहेत. तुमच्या राज्यातलं सरकारी स्कूल असेल तर ते यादीत सगळ्यात वर लिहा.

कर्जाचे नियम नुकते बदललेत. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी 'ग्रॅड प्लस' हे खर्चाइतकं मिळणारं सरकारी कर्ज बंद. डेंटलसारख्या व्यावसायिक पदवीला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर. काही खाजगी स्कूल्समध्ये फी आणि राहणं-खाणं धरून एका वर्षाचा खर्च एक लाख डॉलरच्या पुढे जातो. म्हणजे मधली दरी बचतीतून, जोडीदाराच्या पगारातून किंवा खाजगी कर्जातून भरायची. आधीच्या बॅचमधले लोक "कर्ज काय, मिळतंच" म्हणतात तेव्हा ते जुन्या नियमांबद्दल बोलत असतात. नवरा-बायकोने एका संध्याकाळी बसून चार वर्षांचा हिशेब कागदावर मांडायचा: एका पगारावर घराचा हप्ता, मुलांचं डे-केअर, आरोग्यविमा. आरोग्यविमा तुमच्या नोकरीतून असेल तर तो कोणाच्या नावावर जाणार, हेसुद्धा. हा कागद तयार झाल्याशिवाय पुढचं वाचून उपयोग नाही.

बायफोकल घेतलेल्यांचा अभ्यास

आपल्यापैकी कितीजणांनी अकरावीला बायफोकल (इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरसारखे व्यावसायिक विषय) घेऊन बायोलॉजीला रामराम ठोकला! आता ती परत भेटते. बहुतेक स्कूल्सना लागतं ते साधारण असं: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी दोन सेमिस्टर लॅबसह, म्हणजे आठ-आठ क्रेडिट. वर बायोकेमिस्ट्री एक सेमिस्टर, इंग्लिश. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी काही ठिकाणी सक्तीचं, बाकी ठिकाणी असलं तर बरं. प्रत्येक स्कूलची यादी थोडी वेगळी असते, म्हणून आठ-दहा स्कूल्सच्या संकेतस्थळांवरून एक तक्ता बनवा. एक्सेल आपल्या हातचा मळ.

भारतातल्या पदवीचं कोर्सनिहाय मूल्यांकन डब्ल्यूईएस किंवा ईसीई या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांकडून करून घ्यावं लागतं. चार वर्षांची बीई इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरली जाते. पण पहिल्या वर्षाच्या अप्लाइड केमिस्ट्रीवर विसंबू नका. विज्ञानाचे विषय अमेरिकेतच केलेले हवेत असं अनेक स्कूल्स म्हणतात, आणि काही ठिकाणी विषय फार जुने असले तर चालत नाहीत. माझं मत सरळ आहे: विज्ञान सगळं नव्याने करा. समितीला तुमचे ताजे ग्रेड बघायचे असतात. पंधरा वर्षांपूर्वीची फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन ही तुमची हुशारी सांगते, आज तुम्ही ऑर्गॅनिक पेलू शकता का हे सांगत नाही.

कम्युनिटी कॉलेजमध्ये संध्याकाळचे वर्ग असतात, फी परवडते. काही स्कूल्स तिथली क्रेडिट मर्यादित संख्येनेच धरतात, काहींना चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीतले वरचे विषय आवडतात. म्हणून सुरुवातीचे कोर्स कम्युनिटी कॉलेजात आणि ऑर्गॅनिक-बायोकेम युनिव्हर्सिटीत, अशी विभागणी बरी पडते. ऑनलाइन लॅब टाळा.

आता क्रम. सगळं वेळापत्रक केमिस्ट्रीच्या साखळीवर ठरतं, कारण जनरल एक, जनरल दोन, ऑर्गॅनिक एक, ऑर्गॅनिक दोन, बायोकेम हे एकापुढे एकच करता येतात. समजा तुम्ही २०२६ च्या फॉल सेमिस्टरला सुरुवात केलीत. फॉल २०२६ आणि स्प्रिंग २०२७ मध्ये जनरल केमिस्ट्री, उन्हाळ्यात फिजिक्स, फॉल २०२७ आणि स्प्रिंग २०२८ मध्ये ऑर्गॅनिक आणि जोडीला बायोलॉजी. मे २०२८ मध्ये सेमिस्टरची परीक्षा संपली की डॅट, म्हणजे डेंटल स्कूलची प्रवेशपरीक्षा. जून २०२८ मध्ये अर्ज. त्याच फॉलला बायोकेम, कारण अर्ज करताना एखादा विषय चालू किंवा नियोजित असला तरी चालतो. प्रवेश मिळाला तर २०२९ च्या उन्हाळ्यात किंवा ऑगस्टमध्ये पहिला दिवस. म्हणजे तीन वर्षं, आणि ही तिन्ही वर्षं नोकरी चालू.

ऑर्गॅनिक आणि बायोलॉजी एकाच सेमिस्टरला, लॅब दोन्हींच्या, वर नोकरी, हे घरात मदतीशिवाय होत नाही. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या त्याच सेमिस्टरला मी हा जोडीचा घाट घातला. आई-बाबांची तिकिटं काढायची असतील तर सेमिस्टरच्या तारखा बघून काढा. मुलांना आजी मिळते, तुम्हाला लॅबच्या संध्याकाळी.

प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना पहिल्या आठवड्यापासून जायला लागा. शंका नसली तरी एखादं गणित घेऊन जा. पुढे शिफारसपत्रं यांचीच लागणार: विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची आणि एका डेंटिस्टचं, ही नेहमीची मागणी. आडसास या केंद्रीय अर्जात चार पत्रं देता येतात, तेव्हा चौथं तुमच्या मॅनेजरचं घ्या. तुम्ही रात्री दोनला रिलीज अडकलेली असताना टीमशी कशा वागता, हे त्याच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

डॅट

डेंटल अॅडमिशन टेस्ट अमेरिकन डेंटल असोसिएशन घेते, प्रोमेट्रिकच्या केंद्रात, संगणकावर. चार भाग. पहिला विज्ञानाचा, ९० मिनिटांत १०० प्रश्न: ४० बायोलॉजी, ३० जनरल केमिस्ट्री, ३० ऑर्गॅनिक. दुसरा परसेप्च्युअल अॅबिलिटी, म्हणजे पॅट, आकार डोळ्यांनी आणि डोक्यात ओळखण्याचा, ६० मिनिटांत ९० प्रश्न. मग वाचन, ६० मिनिटांत ५० प्रश्न. शेवटी गणित, ४५ मिनिटांत ४०. फिजिक्स नाही.

मार्च २०२५ पासून गुण २०० ते ६०० मध्ये देतात. आधी १ ते ३० चं मोजमाप होतं. "वीसच्या वर हवेत" असा सल्ला कुठे वाचलात तर तो जुन्या मोजमापातला आहे. दोन्हींची तुलना करणारा तक्ता असोसिएशननेच दिलाय.

इंजिनिअर लोक गणिताला आणि केमिस्ट्रीला वेळ देतात कारण ते ओळखीचं वाटतं. तुमचा वेळ बायोलॉजीला द्या, तिथे विस्तार प्रचंड आहे आणि पाठांतराला पर्याय नाही. पॅट मात्र रोज थोडं थोडं, अर्धा तास, पण खंड न पाडता. त्यात सहा प्रकार असतात. इंजिनिअरिंग ड्रॉइंग केलेल्यांना टॉप-फ्रंट-साइड व्ह्यू लगेच जमतं, तो पहिल्या वर्षाचा ड्रॉइंग हॉल इथे उपयोगी पडतो. होल पंचिंगसाठी मी खरे कागद घेऊन बसायचे: चौकोनी कागद दोनदा-तीनदा दुमडायचा, पंचिंग मशीनने भोक पाडायचं, उलगडायच्या आधी वहीत सोळा चौकोनांची जाळी काढून भोकं कुठे येतील ते भरायचं, मग उलगडून बघायचं. काही दिवसांनी कागद लागत नाही, डोक्यातच उलगडतो. कोन ओळखण्याचा प्रकार सगळ्यात चिवट. तिथे पटकन बघून ठरवायचं. जास्त वेळ बघितलं की सगळे कोन सारखे दिसायला लागतात.

आडसास

अमेरिकन डेंटल एज्युकेशन असोसिएशनचा हा केंद्रीय अर्ज. एकदा भरायचा, पाहिजे तितक्या स्कूल्सना जातो. टेक्सासच्या सरकारी स्कूल्ससाठी टीएमडीएसएएस म्हणून वेगळी यंत्रणा आहे. अर्ज साधारण मे महिन्याच्या मध्याला उघडतो आणि जूनच्या सुरुवातीपासून स्कूल्सकडे जायला लागतो. शेवटची तारीख हिवाळ्यात असते. तिच्याकडे बघूच नका. बहुतेक ठिकाणी आलेले अर्ज येतील तसे वाचतात आणि मुलाखतीच्या जागा भरत जातात. जूनमध्ये पाठवलेला आणि ऑक्टोबरमध्ये पाठवलेला, सारख्याच गुणांचे दोन अर्ज सारखे राहत नाहीत.

म्हणून ट्रान्सक्रिप्टचं काम आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात सुरू करा. भारतातल्या विद्यापीठातून कागद निघून मूल्यांकन संस्थेकडे पोचायला महिने जाऊ शकतात, आणि तिथे कोणी जाऊन पाठपुरावा करणारं लागतं. इथला प्रत्येक कोर्स, अर्धवट सोडलेला किंवा दुसऱ्यांदा केलेलासुद्धा, अर्जात हाताने भरायचा असतो आणि तो ट्रान्सक्रिप्टशी अक्षरशः जुळला पाहिजे. नंतर पडताळणीला काही आठवडे जातात. डॅटचे गुण मागून आले तरी अर्ज पाठवता येतो.

निबंधाला ४५०० अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून. फार कमी आहेत. करिअर बदलणारे बहुतेक जण अर्धा निबंध जुन्या नोकरीला कंटाळल्याचं लिहिण्यात घालवतात. तुम्ही कशापासून पळताय हे समितीला नको असतं. त्याऐवजी जुन्या कामातली एकच सवय घ्या आणि ती खुर्चीशेजारी दाखवा. मी टेस्टिंगबद्दल दोनच वाक्यं लिहिली, की सगळं ठीक आहे असं वाटतं तिथेच पुन्हा तपासायची मला सवय आहे. आणि मग वहीतला तो डावा हात वर करणारा पेशंट लिहिला, डॉक्टरांनी फिलिंगनंतर त्याला चावून बघायला सांगितलं, निळ्या कागदाने दातावर उमटलेला ठिपका घासला, पुन्हा चावायला लावलं, तिथपर्यंत. मराठीत विचार करून लिहायला बसलात तरी चालेल. फक्त शेवटचा खर्डा इथे वाढलेल्या एखाद्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळेल ते वाक्य बदला.

मुलाखत आणि त्यानंतर

मुलाखती साधारण ऑगस्टअखेरीपासून सुरू होतात. तुम्हाला नक्की विचारतील: आत्ताच का? डेंटिस्टच का, हायजिनिस्ट (दातांची सफाई करणारे) का नाही? चार वर्षं घर कसं चालणार? पहिल्या दोन प्रश्नांना शॅडोइंगची वही उत्तर देते. हायजिनिस्ट लोकांना शॅडो केलं असेल तर दोन्हींच्या कामातला फरक तुम्ही बघून सांगाल, आणि तो आदराने सांगा. त्याच स्कूलच्या क्लिनिकमध्ये हायजिनिस्ट शिकवायला असतात. तिसऱ्या प्रश्नाला तो हिशेबाचा कागद. मुलांबद्दल, लग्नाबद्दल स्वतःहून बोलायची सक्ती कोणी करू शकत नाही, पण "आमची सोय झालेली आहे, ती अशी" हे एका वाक्यात शांतपणे सांगितलं की विषय संपतो. आपल्याकडची "प्रयत्न करेन, बघू" ही बोलायची पद्धत तिथे बाजूला ठेवा. केलेलं काम केलं म्हणून सांगायचं.

तुम्हीही विचारा: तिसऱ्या-चौथ्या वर्षाला पेशंट स्कूल देतं की विद्यार्थ्यांनी शोधायचे? पदवीसाठी किती क्राउन, किती रूट कॅनॉल, किती कवळ्या पुऱ्या कराव्या लागतात? मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी हे फार महत्त्वाचं, कारण पेशंट मिळाले नाहीत म्हणून सहा महिने लांबणं तुम्हाला परवडणारं नसतं. न्यूयॉर्कमध्ये प्रॅक्टिस करायचा विचार असेल तर तिथे परवान्यासाठी पदवीनंतर किमान एक वर्ष रेसिडेन्सी लागते, तेही हिशेबात धरा.

प्रवेशाची पत्रं डिसेंबरच्या मध्यापासून येतात. पत्र आलं की ठरलेल्या मुदतीत डिपॉझिट भरायचं, मग पार्श्वभूमी तपासणी आणि लसींचे कागद. राजीनामा डिपॉझिट भरल्या दिवशी देऊ नका. स्कूल सुरू व्हायच्या आधी घर हलवायला, मुलांची नवी शाळा लावायला जेवढे आठवडे लागतील तेवढेच मोकळे ठेवा, तोवर पगार येऊ द्या. आणि हेपटायटिस-बी ची अँटिबॉडी चाचणी आत्ताच करून घ्या. भारतात लहानपणी लस घेतल्याचे कागद बऱ्याच जणांकडे नसतात, आणि तीन डोसांची नेहमीची मालिका पुरी व्हायला सहा महिने लागतात.